हॉर्नबीतलं अकँथसचं पान

अहो आई,

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. इतके दिवस सगळे निखिलशी बोलत होते, कारण आई त्याची गेली. मी चहा देत होते, फोन घेत होते, रत्नागिरीच्या तुमच्या जुन्या विद्यार्थिनींना कळवायचं म्हणून तुमची पत्त्यांची वही शोधत होते. मी रडले नाही. लोक म्हणाले, वैदेही किती खंबीर आहे! तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अगदी नवअभिजात सून मिळाली हो मला." आणि आपलं पुन्हा वाजलं असतं.

ते भांडण अर्धवट राहिलंय, म्हणून लिहायला बसले आहे. तुमच्याशी मी कधी मनमोकळं भांडलेच नाही म्हणा. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण त्यातले सलग महिने एकत्र राहिलो ते फक्त हे शेवटचे पाच.

दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात तुम्ही ख्राइस्टचर्चला आलात. बाबा गेल्यावर रत्नागिरीच्या घरात एकट्या कशाला, असं म्हणून निखिलनं सहा महिन्यांचा व्हिसा काढला होता. आम्ही दोघं ऑफिसला, ईरा शाळेत आणि तुम्ही हॉर्नबीच्या त्या घरात दिवसभर एकट्या. पहिल्या आठवड्यात तुम्ही खिडकीतून बघत म्हणालात, "अगं, इथे माणसं राहतात की नुसत्या गाड्या?" दुसऱ्या आठवड्यात तुम्ही सुती साडीवर निखिलचं जुनं जॅकेट चढवलंत, पायात माझे धावायचे बूट घातलेत आणि चालायला लागलात. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला आमची नावं चार वर्षांत कळली नव्हती. तुमचं मात्र पंधरा दिवसांत कळलं.

तिसऱ्या आठवड्यातली ती संध्याकाळ मला नीट आठवते. मी ऑफिसमधून आले तर तुम्ही जेवणाच्या टेबलाशी बसला होतात. समोर ओल्या वर्तमानपत्रावर एक पान. हातभर लांब, काळपट हिरवं, कडांना खोल कापे असलेलं.

"वैदेही, बघ काय सापडलं! रेल्वेच्या कुंपणाशी रान माजलंय नुसतं."

"काय आहे हे?"

"अकँथस! अगं, हे खरंच असतं!"

मला हसू आलं, कारण काही कळलं नव्हतं. मग तुम्ही सांगितलंत. एकोणिसाव्या वर्षी मुंबईच्या कलाशाळेत तुम्ही हे पान पहिल्यांदा काढलंत, तेही प्लास्टरच्या साच्यावरून. युरोपातल्या खांबांच्या माथ्यावर कोरलेली पानं, त्यांचे प्लास्टरमधले ठसे बोटीनं आपल्याकडे आलेले, आणि त्यांच्यासमोर बसून कोळशानं छायाप्रकाश भरणाऱ्या तुम्ही. तुम्हाला शिल्पकलेला जायचं होतं. तुमच्या वडिलांनी ड्रॉइंग टीचरचं सर्टिफिकेट पुरे म्हटलं. पुढे एकतीस वर्षं तुम्ही मुलींना फळ्यावर हेच पान काढून दाखवलंत, पण ते झाड कधी बघितलं नव्हतंत.

ईरानं तिच्या नऊ वर्षांच्या अधिकारानं पान उलटसुलट केलं. "आजी, दॅट्स जस्ट अ वीड. देअर्स हीप्स बिहाइंड अवर स्कूल."

"असू दे की. दोन हजार वर्षं माणसं या वीडची चित्रं काढतायत," तुम्ही म्हणालात. मग लायब्ररीतून झाडांचं पुस्तक आणून तुम्ही आणखी एक शोध लावलात: हे पान आपल्या खाडीकाठच्या मारांडीचं भावंड. लहानपणी जिच्या काट्यांनी तुमचे पाय ओरबाडले होते तीच मारांडी. "आणि मी समजत होते, हे फार लांबचं काहीतरी आहे!"

आमच्या घरात कलेचा विषय तोवर कधी निघाला नव्हता. त्या दिवसापासून जेवताना तोच. अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या लोकांना महालांतल्या वेलबुट्ट्यांचा आणि गुबगुबीत गुलाबी पऱ्यांचा कसा वीट आला, जमिनीखालून जुनी रोमन शहरं कशी बाहेर निघाली आणि ते बघून चित्रकार, शिल्पकार, गवंडी सगळेच कसे सरळ रेषेकडे वळले, त्या संयमी शैलीला 'नवअभिजात' कसं म्हणतात, हे तुम्ही भाजी वाढतावाढता सांगायचात. ग्रीकांच्या मूर्ती मुळात रंगवलेल्या होत्या, पण रंग उडून गेल्यामुळे या लोकांना वाटलं त्या पांढऱ्याच, हे सांगताना तर तुम्हाला हसू आवरायचं नाही. "गैरसमजातून केवढी मोठी शैली उभी राहिली बघ!"

मी इंजिनिअर. मी म्हणायचे, "म्हणजे रोमननी ग्रीकांची नक्कल केली, फ्रेंच-इंग्रजांनी रोमनांची केली, ती नक्कल बोटीत घालून मुंबईला आणली आणि इथेही आणली. यात कुणाचं स्वतःचं काय आहे?"

"हात," तुम्ही म्हणायचात. "नक्कल करताना हात स्वतःचाच लागतो."

लायब्ररीतून आणलेल्या जाड पुस्तकातली चित्रं तुम्ही मला दाखवलीत. लढाईला निघालेले पुरुष खांबासारखे ताठ. मागे कोपऱ्यात त्यांच्या बायका, दुःखातही वस्त्रांच्या चुण्या जागच्या जागी. मी म्हटलं, "आई, यांच्यातलं कुणीच ओरडत का नाही? एवढं घडतंय तरी."

"कारण त्यांनी ठरवलंय. ठरवलेलं माणूस ओरडत नाही."

"ओरडल्याशिवाय दुसऱ्याला कळणार कसं?"

तुम्ही पान उलटलंत. हेच ते भांडण. तेव्हा मला ते चित्रांविषयीचं वाटलं होतं.

जानेवारीत माझ्याकडे त्या सभागृहाचं काम आलं. ख्राइस्टचर्चपासून दोन तासांवरच्या एका छोट्या गावातलं, शंभरएक वर्षांचं लाकडी सभागृह. बांधणाऱ्यांना दगड परवडला नसेल, म्हणून त्यांनी लाकूडच दगडासारखं कापून, रंगवून उभं केलेलं. पुढे पडवीला चार मोठे खांब, त्यांच्या माथ्यावर अकँथसच्या पानांचे दोन थर. डावीकडच्या दोन खांबांची पानं पावसानं कुजून गळून पडली होती. मी तपासणी केली आणि अहवाल लिहिला: खांब आतून पोकळ आहेत, कसलाही भार घेत नाहीत, केवळ शोभेचे आहेत, काढून टाकावेत आणि त्या जागी स्टीलचे साधे पाइप बसवावेत.

फोटो टेबलावर पडले होते. ते तुम्ही बघितलेत आणि म्हणालात, "शनिवारी मला तिथे घेऊन चल."

गावात सभागृह समितीच्या मार्गारेटबाई किल्ल्या घेऊन थांबल्या होत्या. त्यांचं लग्न त्याच पडवीत लागलेलं. तुम्ही त्यांच्याशी तुमच्या शाळेतल्या इंग्रजीत बोललात, शिडी मागितलीत आणि माझं काही न ऐकता चार पायऱ्या चढून उजवीकडच्या शाबूत पानांवरून हात फिरवलात. "व्हेरी गुड हँड," तुम्ही वरून म्हणालात. "धिस मॅन हॅज सीन द रियल प्लांट." मार्गारेटबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी गाडीची किल्ली बोटांत फिरवत उभी होते.

परतताना गाडीत आपलं जुंपलं.

"ते खांब काहीच उचलत नाहीत, आई. ठोकून बघितलंत ना? पोकळ आहेत. खोटे आहेत."

"जे उचलतात त्यांनीच उभं राहायचं का फक्त?"

"मी स्ट्रक्चरविषयी बोलतेय."

"मी पण," तुम्ही म्हणालात, आणि घर येईपर्यंत शेताकडे बघत राहिलात.

नऊ दिवस आपण मिठाची बरणी द्या-घ्या एवढंच बोललो. नवव्या दिवशी मी बेसिनपाशी उभी होते. दुपारचा डबा तुम्ही न सांगता घासून ठेवलेला, कपड्यांच्या घड्या घातलेल्या, ईराची फाटलेली बॅग शिवलेली. आणि मला एकदम कळलं, तुम्ही खांबांबद्दल बोलतच नव्हतात. सून नोकरी करते, मुलगा घर चालवतो, नात दुसऱ्या भाषेत उत्तर देते, आणि आपण एका खोलीत शोभेला उभ्या. आई, तेव्हाच मी तुमच्या खोलीत येऊन बोलायला हवं होतं. मी आले नाही. मी ऑफिसात जाऊन अहवाल पुन्हा लिहिला. खांबांच्या पोकळीतून स्टीलचे पाइप घालायचे, भार त्यांनी घ्यायचा, लाकूड बाहेरून तसंच ठेवायचं. पानं मात्र कुणालातरी नव्यानं घडवावी लागणार होती. छापलेला कागद मी तुमच्या उशीपाशी ठेवला. माफी मागायची ही माझी पद्धत. तुम्ही तो चष्मा लावून दोनदा वाचलात, खाली पेन्सिलीनं एक स्पेलिंग दुरुस्त केलंत आणि मला आल्याचा चहा करून दिलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही रॉनकडे गेलात. हॉर्नबीच्या कारखान्यांच्या गल्लीत त्याची प्लास्टरकामाची शेड, छताच्या नक्ष्या ओतणारा सत्तरीचा माणूस. तो प्रसंग मला त्यानंच नंतर सांगितला. दारात साडी, जॅकेट आणि बूट घातलेल्या बाई. तो इथल्या पद्धतीचा नमस्कार करत म्हणाला, "किया ओरा, लव्ह. व्हॉट कॅन आय डू फॉर यू?" तुम्ही म्हणालात, "शो मी युअर क्ले."

मग सोमवार आणि गुरुवार तुमचे. डब्यात पोहे दोघांपुरते. रॉन ओतणारा होता, घडवणारा नव्हता. त्याची बोटं संधिवातानं वाकलेली. खांबाच्या माथ्याला दोन मापांची पानं लागणार होती, लहान आणि मोठं. एकेक मातीत घडवलं की रबराच्या साच्यातून हवी तेवढी ओतता येतात. लहान पान तुम्ही पाच आठवड्यांत केलंत. साचा निघाला त्या दिवशी तुम्ही निखिलला ऑफिसात फोन करून, रॉनकडून उचललेलं इथलं 'झकास' वापरत म्हणालात, "स्वीट ॲज, बाळा!" तो मीटिंगमधून उठून बाहेर आला होता, काय झालं म्हणून.

एकसष्टाव्या वर्षी तुम्ही शिल्पकार झालात. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही. आता म्हणते.

मार्चच्या शेवटी तुम्ही मोठ्या पानाची माती घरी आणवलीत, रॉनच्या व्हॅनमधून. "इथे गॅरेजमध्ये उजेड छान येतो," म्हणालात. मी मान डोलावली. शेडपर्यंतची पंधरा मिनिटं तुम्हाला चालवेनाशी झाली होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. चालताना तुमचा डावा हात जॅकेटच्या खिशात असतो, हेही मी बघत होते आणि थंडी म्हणून सोडून देत होते.

ईस्टरच्या आधीच्या बुधवारी सकाळी तुम्ही न्याहारी करताना खुर्चीतच कलंडलात. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं नवं नाही, काही महिन्यांचं असणार. दुसऱ्या दिवशी निखिल कागदांवर सह्या करायला गेला होता आणि मी तुमच्याजवळ होते. तुम्ही डोळे उघडलेत. मला वाटलं, आता काहीतरी मोठं सांगाल. तुम्ही म्हणालात, "पानावरचं फडकं ओलं ठेव गं. कड सुकली की तडकतं."

मी म्हटलं, हो.

शुक्रवारी सकाळी तुम्ही गेलात. आणि आई, मी विसरले. सातव्या दिवशी गॅरेजमध्ये गेले तर फडकं कडक झालं होतं आणि पान तीन ठिकाणी तडकलं होतं. टोकाचा तुकडा खाली पडलेला. तुमची एकच गोष्ट मला करायची होती. हे मी अजून निखिललाही सांगितलेलं नाही.

त्याच दुपारी रॉन आला. हातात टोपी, दारातच उभा. आत यायला तयार नव्हता. म्हणाला, फेब्रुवारीत एकदा तुम्ही त्याच्या शेडमध्ये छाती धरून खाली बसला होतात. त्यानं ॲम्ब्युलन्ससाठी फोन उचलला. तुम्ही त्याचा हात धरलात. पान पुरं होईपर्यंत घरी कळायला नको, नाहीतर मला पलंगावर झोपवतील, असं म्हणालात. त्यानं शब्द दिला. "आय शुड हॅव टोल्ड यू."

मी त्याच्यावर ओरडले. मराठीत ओरडले, त्याला एक अक्षर कळत नसताना. कुणी सांगितलं होतं तुला गप्प बसायला? आम्ही कोण होतो त्यांचे? एक शब्द, एक शब्द टाकायचा होता! शेजारची बाई कुंपणापाशी येऊन परत गेली. तो मान खाली घालून सगळं ऐकत राहिला. मग मी दमले आणि त्याला आत घेतलं, कारण तो अजून दारातच उभा होता. चहा पिताना त्यानं सांगितलं की तुम्ही त्याला रोज विचारायचात, हात दुखतोय का, औषध घेतलंस का. दुसऱ्याच्या दुखण्याची चौकशी करायला तुम्हाला बरं जमायचं.

इथे मी तुमचं ऐकणार नाही, आई. चित्रातल्या माणसांनी न ओरडता उभं राहावं, तो त्यांचा प्रश्न. ते चित्रात आहेत. तुम्ही आमच्या घरात होतात. तुम्ही सांगितलं असतंत तर मी तुम्हाला पलंगावर झोपवलं असतं हे खरं. तुम्ही मला भांडून हरवलं असतंत हेही तितकंच खरं, आणि मग मीच ती माती गॅरेजमध्ये आणली असती. हरायची संधी तुम्ही मला दिली नाहीत. याचा राग मला आहे आणि तो मी लपवणार नाही.

तडकलेलं पान रॉननं बघितलं. "नो गुड," म्हणाला. मग गॅरेजमधली तुमची चित्रांची वही उघडली. अकँथसची चौदा पानं: समोरून, बाजूनं, कापून, मापांसकट, प्रत्येक शिरेला आकडा. फळ्यावर काढावं तितकं स्वच्छ. माझ्यासारख्या इंजिनिअरला याहून स्पष्ट ड्रॉइंग कुणी दिलं नसतं. मी म्हटलं, मी करते.

रॉननं विचारलं, "यू एव्हर डन धिस?"

"नो."

पुढचे पाच शनिवार-रविवार मी त्याच्या शेडमध्ये होते. रेल्वेच्या कुंपणाजवळून ताजं पान तोडून आणायचं, तुमची वही उघडी ठेवायची, मातीत हात घालायचे. पहिलं पान कोबीसारखं झालं. दुसरं रॉननं परत मळायला घेतलं. तिसऱ्याला शिरा बरोबर होत्या, पण ते मेलेलं दिसत होतं. चौथं करताना मला कळलं की तुम्ही पानाचं टोक पुढे झुकवताना खालून अंगठा दाबला आहे, चित्राच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंही होतं: "इथे जीव." तुमच्या हाताची नक्कल करताना मला तुमचा हात समजला. तुम्ही जेवताना जे सांगत होतात ते मला असं समजायला हवं होतं का? पाचवं पान रॉननं उजेडाकडे धरलं, डावी बाजू जाड आहे म्हणाला, आणि साच्यासाठी रबर कालवायला घेतलं.

गेल्या शनिवारी पानं बसवली. दक्षिणेचा बोचरा वारा, निखिल शिडी धरून, ईरा टोपी कानांपर्यंत ओढून. खांबांच्या आत पाइप उभे झालेत. आता ते भार घेतात. खालच्या थरात तुमची लहान पानं, वरच्यात माझी मोठी. जवळून बघणाऱ्याला फरक कळतो. मार्गारेटबाईंनी विचारलं, पितळी पाटीवर काय लिहायचं? मी तुमचं पूर्ण नाव लिहून दिलं आणि पुढे 'शिल्पकार' लिहिलं. 'सासू', 'आई', 'पाहुण्या' असं काही नाही. निखिलनं ते वाचलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून भर रस्त्यात हुंदके देऊन रडला. त्याच्या रडण्यात काहीही नवअभिजात नव्हतं, आई. फार बरं वाटलं.

डिसेंबरात तो तुमच्या अस्थी घेऊन रत्नागिरीला जाईल. मीही जाणार आहे.

आता एक शेवटचं. मार्चपासून माझ्या डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ हाताला लागते. मी कुणाला बोलले नव्हते. आधी सभागृहाचं काम होतं, मग तुम्ही गेलात, मग निखिलला अजून एक काळजी कशाला, मग पानं. दर वेळी काहीतरी पुरं व्हायचं होतं. रॉनवर ओरडताना माझाच आवाज मला ऐकू येत होता, तरीही मी दोन महिने काढले. तुमच्यावर रागवायचा मला काय अधिकार होता ते तुम्हीच सांगा.

आज सकाळी न्याहारीला मी निखिलला सांगितलं, डॉक्टरकडे जायचंय म्हटलं. ईरासमोर सांगितलं, मुद्दाम. सांगताना मला रडू फुटलं, मोठ्यानं, तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी एकदमच, वेगळं करता आलं नाही. ईरा खुर्चीवरून उतरली आणि मला बिलगून मराठीत म्हणाली, "मम्मी, मी पण येणार." निखिलनं तिथूनच दवाखान्यात फोन लावला. बुधवारी सकाळी दहा वीसची वेळ मिळाली आहे. आम्ही तिघं जाणार आहोत, आणि डॉक्टर विचारतील त्या प्रत्येक गोष्टीचं मी खरं उत्तर देणार आहे.

तुमची,
वैदेही